आश्रुबाला घरी न्या

डॉक्टरीणबाई "बाबांना आता घरी न्या" एवढं म्हणाल्या, आणि त्यापुढचं एक अक्षर जानकीबाईच्या कानात शिरलं नाही.

बाई बिचाऱ्या बोलत होत्या. खुर्ची जवळ ओढून, जानकीबाईच्या हातावर हात ठेवून समजावत होत्या. दुखणं आवरलंय म्हणाल्या, झोप लागते, भाकरी पोटात जाते म्हणाल्या. गोळ्या कशा द्यायच्या, विमल सिस्टर घरी तपासायला येतील, त्रास वाढला तर फोन करा, खाट पुन्हा मिळेल, सगळं सगळं सांगितलं. जानकीबाई मान हलवत होती. रडू दाबणाऱ्या माणसाची मान आपोआप हलते, तिचं काय घेऊन बसलात! तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. घरी न्या म्हणले. घरी न्या म्हणले.

आता चूक तिचीच, असं सगळे म्हणतात. म्हणोत. पण दवाखान्यानं 'घरी न्या' म्हटलं म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. जानकीबाईच्या बापाला मोठ्या दवाखान्यानं असंच घरी न्या म्हटलं होतं. जीप मांजरसुंब्याचा घाट उतरायच्या आत म्हातारा गेला. थोरल्या जावेला घरी न्या म्हणाले, तर तिनं अंगणातच डोळे फिरवले. आणि खुद्द आश्रुबाला औरंगाबादच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. लघवीच्या जागचा कॅन्सर, हाडात उतरलाय, आता घरी न्या. मग कुणीतरी या केंद्राचं नाव सुचवलं म्हणून इथं आणलं. एका माणसाला कुणी दोनदा घरी न्या म्हणतं का? पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आशा सुटली. दुसऱ्यांदा म्हणाले म्हणजे आता घटका भरली, असाच हिशेब कुणीही केला असता.

केंद्र म्हणजे दूध संघाची जुनी इमारत. पाऊस हटला, गुरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, आणि संघाच्या दूध थंड करायच्या टाक्या बंद पडल्या. ती रिकामी इमारत एका ट्रस्टनं मागून घेतली आणि तिथं खाटा टाकल्या. ज्यांचा आजार हटणार नाही त्यांचं दुखणं तरी थांबवायचं, एवढंच तिथलं काम. दारावर मोठ्या अक्षरात 'विसावा' लिहिलंय, पण लोक अजून डेअरीच म्हणतात. "आश्रुबा दिसंना?" "डेअरीत ठेवलाय." परक्या माणसानं हे ऐकलं तर काय समजावं त्यानं?

जानकीबाई व्हरांड्यात आली आणि लेकाला फोन लावला. शहादेव आणि सून रुक्मिणी दिवाळी होताच टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेली होती. मागं उसाच्या पाल्याची सळसळ ऐकू येत होती.

"शहादेवा, निघ बाबा. दादाला घरी न्या म्हणले."

पलीकडं सळसळ थांबली. "आं? कवा?"

"आत्ताच. असशील तसा निघ."

त्यालाही दुसरं काही विचारायचं सुचलं नाही. या तीन शब्दांपुढं विचारायचं काय?

जीपमध्ये आश्रुबा मात्र खिडकीशी बसला होता आणि स्वारी खुशीत! कित्येक महिन्यांनी माणसाला बाहेरचं जग दिसत होतं. उघडी पडलेली शेतं, वाळलेल्या बाभळी, पाण्याच्या टँकरमागं लागलेली घागरींची रांग, सगळं कौतुकानं बघत होता. चौसाळ्यात जीप थांबली तर म्हणाला, "जानके, भजे घे की गरम."

जानकीबाईनं भजी घेतली. शेवटची इच्छा म्हणून घेतली आणि त्याला एकेक भरवताना पदर डोळ्याला लावला.

"कावून रडतीस गं? घरीच चाललो की आपण!"

"न्हाई, धूर गेला डोळ्यात," ती म्हणाली. कुठला धूर आणि कुठलं काय.

घरी पोचेपर्यंत भावकी गोळा झाली होती. पुढारपण भगवानरावाकडं. हा आश्रुबाचा चुलत भाऊ, गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन. सोसायटीत आता दुधाचा थेंब येत नव्हता, पण चेअरमनकी काही अंगातून गेली नव्हती. लग्न असो, मयत असो, हुकूम सोडायला हा पुढं. आल्या आल्या म्हणाला, "वैनी, वेळ घालवू नका. आबाला खाली घ्या."

खाली घ्या म्हणजे बाजेवरून जमिनीवर. जाणाऱ्या माणसाचा जीव बाजेवर जाऊ नये, भुईवर जावा, ही आमच्याकडची रीत. शेजारणीनं स्वतःच्या घरातलं पाणी आणून जागा सारवली, वर घोंगडी टाकली आणि चौघांनी आश्रुबाला उचललं.

"अरे, मी बाजंवर नीट हाय की! थंडी वाजती खाली!"

"असू द्या आबा, असू द्या. जमिनीवर बरं वाटतं," भगवानराव म्हणाला. आणि कुणाकडून तरी तुळशीचं पान घेऊन उशाशी बसला.

आश्रुबानं ते पान बघितलं. मग भोवती बसलेल्या एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. बायका पदर तोंडात धरून होत्या. शेवटी त्याची नजर जानकीबाईवर आली आणि तिनं मान खाली घातली.

"अस्सं हाय व्हय," तो म्हणाला.

पुढं कुरकुर नाही, काही नाही. गुपचूप पडून राहिला. सगळी म्हणतायत तर खरंच असेल, असं त्यालाही वाटलं असावं. डोळे मिटून वाट बघत राहिला बिचारा.

शहादेव आणि रुक्मिणी दुसऱ्या दिवशी आली. शहादेवच्या हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे, अंगावर तोच फडातला सदरा. दारातूनच "दादा" म्हणून हंबरडा फोडला आणि बापाच्या छातीवर डोकं टेकलं. आश्रुबानं त्याच्या डोक्यावर हात फिरवला. मग बापलेक बोलले. शाळेतून काढून तुझ्या हातात कोयता दिला त्याचा राग धरू नको, म्हणाला. मायला अंतर देऊ नको. हौश्या बैल म्हातारा झालाय पण इकू नको, गरीब हाय. शहादेव प्रत्येक बोलण्याला "व्हय दादा, व्हय दादा" करत होता. एवढं बोलणं त्या दोघांचं जन्मात झालं नव्हतं. जानकीबाईला वाटलं, चला, लेक वेळेवर पोचला. याच्यावाचून आश्रुबाची दुसरी आस नव्हती. तो नेहमी म्हणायचा, जाताना माझं डोकं शहाद्याच्या मांडीवर पाहिजे.

सकाळी सगळ्यांच्या आधी आश्रुबा उठला आणि म्हणाला, "चहा ठिवा की."

दिव्याचं तेल संपताना वात मोठी होते, तसं असेल म्हणून लोक दम धरून बसले. पण दुपारी त्यानं पिठलं खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. पाहुणे वाढत होते, रांजणात पाणी ठरत नव्हतं, आणि टँकर तर येईल तेव्हा खरा. बायका आपसात कुजबुजायला लागल्या. "रंग तर बरा दिसतोय." "आवाज बी खणखणीत हाय गं." त्यात कौतुक कमी, तक्रार जास्त. केजहून आलेली तुळजाबाई आत्या म्हणाली, "जीव कशात तरी गुतलाय त्याचा. त्याबिगर न्हाई जायचा."

झालं! मग जीव कशात गुंतलाय त्याचा शोध सुरू झाला. रानातली माती आणून हाताला लावली. त्यानं हात झटकून पुसला. शेवटी भगवानरावाच्या डोक्यात बैल आला. छावणीतून हौश्याला पिकअपमध्ये घालून आणलं आणि दारात उभं केलं. हौश्यानं मुंडकं आत घातलं, आश्रुबाचा हात चाटला. आश्रुबा एवढा हरखला की उठून बसला, बैलाला घरातली अर्धी भाकरी चारली आणि उरलेली अर्धी स्वतः खाल्ली.

हसावं की रडावं, कुणाला कळेना. भगवानराव तर अपमान झाल्यासारखा पाय आपटत बाहेर गेला.

तशात विमल सिस्टर आल्या. केंद्राची गाडी ठरल्याप्रमाणं गावोगाव फिरते, तशी आली होती. दारातली चपलांची रास बघून आधी त्याच घाबरल्या. आत येऊन बघतात तर म्हातारा थंडीच्या दिवसात जमिनीवर, अंगावर एक चादर, उशाशी तुळशीचं पान.

"कुणी झोपवलं यांना खाली?" सिस्टर कडाडल्या. "हाडं किती नाजूक झालीत यांची! उचला आधी!"

उचललं. मग सिस्टरांनी नाडी बघितली, गोळ्या बघितल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. म्हणाल्या, केंद्रात खाटा थोड्या, माणसं फार. ज्याचं दुखणं घरी आवरत नाही त्याला आम्ही ठेवतो. गोळ्या लागू पडल्या, दुखणं ताब्यात आलं, घरी बघणारं माणूस असलं की घरी पाठवतो. आजार बरा झालाय असं नाही, तो आहे तिथंच आहे. पण सध्या तो थांबलाय. म्हणून सोडलं. मरायला नाही सोडलं, जगू द्या म्हणून सोडलं.

"मंग जाणार कवा?" भगवानरावानं विचारलं. आश्रुबासमोर! या माणसाच्या जिभेला हाड म्हणून नाही.

सिस्टर त्याच्याकडं बघतच राहिल्या. "ते कुणाला माहीत, चेअरमनसाहेब? महिना जाईल, पाडवाही बघतील. तुमचं तरी तुम्हाला माहीत आहे का?"

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा जानकीबाईकडं वळल्या. तिला वाटलं, आत्ता ही भुई फाटावी आणि आपण आत जावं.

"माय," शहादेव हळूच म्हणाला, "हे सांगितलं नव्हतं का गं तुला?"

"सांगितलं असंल रे," ती म्हणाली. "मला ऐकू आलं न्हाई."

संध्याकाळपर्यंत घर रिकामं झालं. जाताना कुणी आश्रुबाचा नीट निरोप घेतला नाही. एकदा घेतलेला निरोप पुन्हा काय घ्यायचा? शहादेवला मुकादम बबनरावाचे फोनवर फोन. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एक कोयता बसला की टोळीची गाडी भरत नाही. शहादेव चिडला नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. उलट हसून म्हणाला, "बरं झालं की दादा, हायत तुमी. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की येतोच मी." रुक्मिणीनं पाया पडून म्हटलं, "मामा, सांभाळा." आणि ती दोघं गेली. बबनराव फोनवर काय बोलला होता ते रुक्मिणीनं सासूला जाता जाता सांगितलं. परत असं सोंग करून आलात, तर टोळीत उभं करणार न्हाई.

सोंग म्हणाला! जानकीबाईच्या काळजात ते घर करून बसलं.

पण त्यानंतरचे दिवस, काय सांगावं, तिच्या संसारातले सगळ्यात सुखाचे. लग्न झाल्यापासून हिवाळा कधी स्वतःच्या घरात काढलाच नव्हता त्यांनी. दर वर्षी कोयता, दर वर्षी पाल्याची खोपी. आता सकाळी ती त्याला उन्हात बाजेवर बसवायची, डोक्याला तेल लावायची, गोळी वेळेवर द्यायची. तो तिला जुन्या गोष्टी सांगायचा, तिची टिंगल करायचा. "तू तर मला जितेपणीच पोचवलं जानके."

"मेलं मरू द्या ते आता! चुकलं माझं. किती बोलाल?"

"लोकाचं पाणी गेलं गं फुकट," तो कधी कधी खरंच खिन्न होऊन म्हणायचा. रस्त्यानं जाणारा कुणी "हायेस का आश्रुबा?" असं विचारायचा, तर याला ओशाळं व्हायचं. आत ने म्हणायचा. जानकीबाईचं मग डोकं फिरायचं. "हायेत म्हणून सांगा! जिवंत हायेत म्हणून कुणाची माफी मागू काय मी?" ती रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची.

फाल्गुन लागला आणि दुखणं परत आलं. गोळी पुरेना. विमल सिस्टरांनी औषध वाढवलं, दुखणं दबलं, पण त्याबरोबर आश्रुबा झोपेतच जास्त राहू लागला. घास नको म्हणायला लागला. सिस्टर म्हणाल्या, चला परत केंद्रात, खाट आहे.

"नगं," आश्रुबा पुटपुटला. "तिथून परत घरी न्या म्हणले, तर ही परत गाव गोळा करीन."

सिस्टर हसल्या. पण बाहेर येऊन त्यांनी जानकीबाईचा दंड धरला. "मावशी, या वेळी नीट ऐका. आता थोडं राहिलंय. मुलाला बोलवा."

या वेळी जानकीबाईनं शब्द न् शब्द ऐकला. मग फोन हातात घेतला. कोणत्या तोंडानं सांगणार? तरी लावला.

"शहादेवा, सिस्टर म्हणली, बोलवून घ्या."

त्यानं कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "माय, सिस्टर म्हणली का तुला वाटतंय?"

"सिस्टरच म्हणली रे."

"आज जातील, उद्या जातील, असं म्हणली का?"

"असं कसं सांगतील त्या? थोडं राहिलंय म्हणली."

"मागल्या येळेला बी…" एवढं बोलून तो थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "बबनराव सोडत न्हाई गं. पट्टा पडायलाच आलाय. पडला की त्याच दिशी गाडीत बसतो. तवर दादाला सांभाळ."

पूर्वीची जानकीबाई असती तर तिनं आकांत केला असता, येतोस का मी येऊ म्हणून धमकावलं असतं. पण एकदा खोटी पडलेली बाई ती. तिनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

आश्रुबानं डोळे उघडले. "येतो का?"

"निघाला," ती म्हणाली.

आयुष्यात नवऱ्याशी ती खोटं बोलली नव्हती असं नाही, पण असं कधी बोलली नव्हती. तो दाराकडं तोंड करून पडला. चपलेचा आवाज आला की पापण्या हलायच्या. शेजारीण यायची, कुत्रं यायचं, वारा यायचा. शहादेव कुठून येणार? "लांब हाय ना," तो तिचीच समजूत घालायचा. "येऊ दे सावकाश. मागं बोललोय मी त्याच्यासंगं समदं."

आणि एका सकाळी त्याचा श्वास बदलला. मधेच थांबे, मग पुन्हा ओढे. जानकीबाईनं शेजारणीच्या हाती भगवानरावाला निरोप धाडला. तिकडून उत्तर आलं, वैनीला म्हणावं घाबरू नका, सोसायटीची मीटिंग हाय, दुपारून चक्कर टाकतो.

दुपारून! ती कुणावर चिडणार? तिनं पदर खोचला, तांब्याभर पाण्यात हात बुडवून भुई सारवली, घोंगडी टाकली. एवढा मोठा माणूस, पण हाडांचा नुसता भारा राहिला होता. काखेत हात घालून तिनं एकटीनं त्याला खाली घेतलं. सिस्टर असत्या तर ओरडल्या असत्या, आणि ओरडल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं. त्याचं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं.

"शहाद्या," तो म्हणाला. मांडी कुणाची, हे त्याला कळलं नाही.

"हाय की दादा," जानकीबाई म्हणाली. आवाज होईल तेवढा जाड केला. "हाय मी."

त्यानं मान थोडी सैल सोडली. तिनं दोन थेंब पाणी ओठांना लावलं. एक आत गेला, दुसरा गालावरून खाली आला. आणि श्वास पुन्हा आला नाही.

रडायच्या आधी तिनं फोन लावला. पलीकडं उसाची सळसळ होती, कुणीतरी हसत होतं.

"शहादेवा, दादा गेले रे."

सळसळ चालूच राहिली. मग शहादेव हळू आवाजात, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "माय, तू घाबरू नको. नीट बघितलंस का? नाकाशी हात धरून बघ."

"बघितलं रे लेकरा."

"आणखी एकदा बघ, माय. मागं बी तुला असंच वाटलं होतं."

आणि जानकीबाईनं पुन्हा बघितलं. फोन खांद्यात दाबून धरला, आश्रुबाच्या नाकाशी तळहात नेला आणि वाट बघत बसली. चूक आपलीच निघावी, आपण या जन्मी दुसऱ्यांदा खोटं पडावं, साऱ्या भावकीनं येऊन तोंडावर थुंकावं, एवढंच तिनं देवाजवळ मागितलं. तळहाताला काही लागलं नाही. तिनं हात जरा आणखी जवळ नेला. फोनमध्ये शहादेव विचारत होता, "माय? काय झालं, माय?"